मेडिकलमधले पाचशे तास : डी. फार्म.च्या प्रशिक्षणार्थींसाठी मार्गदर्शक

डी. फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्र पदविकेच्या विद्यार्थ्याला फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळण्याआधी किमान ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. ते किमान तीन महिन्यांच्या काळात पसरलेले असावे आणि त्यांपैकी किमान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे प्रत्यक्ष देण्याच्या कामात जावेत, अशी अट भारतीय फार्मसी परिषदेच्या १९९१ च्या शिक्षण विनियमांत होती आणि २०२० च्या विनियमांतही ती कायम आहे. बहुतेक विद्यार्थी ५०० हा आकडा लक्षात ठेवतात आणि २५० कडे दुर्लक्ष करतात. माझे प्रशिक्षण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या मेडिकलमध्ये झाले आणि त्या काळात माझे मत असे पक्के झाले की प्रशिक्षणाचा खरा गाभा या २५० तासांतच आहे. चिठ्ठी लिहिली गेल्यापासून गोळी रुग्णाच्या तोंडात जाईपर्यंत मध्ये थांबून तपासणारा जाणकार माणूस एकच असतो, तो म्हणजे फार्मासिस्ट. हे थांबणे आणि तपासणे अंगवळणी पाडण्यासाठीच हे प्रशिक्षण आहे. हात चालवण्याचा वेग पुढे नोकरीतही येतो, पण तपासण्याची सवय सुरुवातीला लागली नाही तर नंतर ती लावणे फार अवघड जाते. पुढील पायऱ्या मी याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : दुकानाची निवड

घराजवळचे किंवा ओळखीचे मेडिकल निवडण्याकडे साहजिकच कल असतो आणि त्यात गैर काहीही नाही. मात्र होकार देण्याआधी त्या दुकानात अर्धा तास उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे भिंतीवर लावलेले परवाने. किरकोळ औषधविक्रीसाठी नमुना २० आणि नमुना २१ हे परवाने लागतात आणि त्यांच्याजवळच नोंदणीकृत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र लावलेले असते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या प्रमाणपत्रावरची व्यक्ती प्रत्यक्ष काउंटरवर असते की नाही. प्रमाणपत्र एकाचे आणि दुकान चालवणारा दुसराच, असा प्रकार आपल्याकडे अनेक ठिकाणी दिसतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला शिकवणारा कोणीच नसतो, शिवाय त्याने तेथे केलेले काम कायद्याच्या चौकटीत बसत नाही. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज अन्य कोणी चिठ्ठीवरचे औषध द्यायचे झाले तर ते फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष आणि वैयक्तिक देखरेखीखालीच द्यावे लागते. प्रशिक्षणार्थी अजून नोंदणीकृत नसतो, म्हणून त्याच्या शेजारी फार्मासिस्ट उभा असणे ही त्याचीही गरज आहे.

महाविद्यालयातून मिळणारा प्रशिक्षणाचा करारनामा पहिल्याच दिवशी भरून, सह्या घेऊन त्याच्या प्रती जपून ठेवाव्यात. विद्यावेतन मिळणार का, वेळ कोणती आणि साप्ताहिक सुट्टी कधी, हेही तेव्हाच बोलून घ्यावे. काही विद्यार्थी प्रत्यक्ष न जाता केवळ सही-शिक्क्यापुरते प्रशिक्षण दाखवतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की त्यांनी असे करू नये, कारण उद्या त्यांच्या एकट्याच्या सहीवर एखाद्या बाळाचे औषध दुकानाबाहेर जाणार आहे.

दुसरी पायरी : आधी दुकान शिकावे, मग चिठ्ठी

पहिले आठ-दहा दिवस चिठ्ठीला हात लावण्याची घाई करू नये. या दिवसांत मांडणी समजून घ्यावी. काही मेडिकलमध्ये औषधे इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली असतात, काही ठिकाणी कंपनीनुसार, तर काही ठिकाणी गोळ्या, सिरप, मलमे, इंजेक्शने आणि डोळ्यांचे थेंब असे वेगळे रॅक असतात. आलेला माल जागेवर लावण्याचे काम अनेकांना हलके वाटते, पण ब्रँडनाव आणि त्यातला घटक यांची सांगड घालण्यासाठी त्याहून चांगला मार्ग मला दिसला नाही. प्रत्येक स्ट्रिप खणात ठेवताना तिच्यावरचे घटकद्रव्य, त्याचे प्रमाण आणि मुदत वाचावी, आणि हे औषध कशासाठी दिले जाते हे मनात आठवून पाहावे. आठवले नाही तर वहीत टिपून घेऊन रात्री पुस्तक उघडावे. पुस्तकात औषधांचे वर्ग होते, येथे त्याच वर्गांतली पंधरा-वीस ब्रँडनावे एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी असतात, आणि औषधशास्त्राचा पेपर दिल्यानंतरही या दोहोंचा मेळ बसायला वेळ लागतो.

मुदत जवळ आलेला माल पुढे आणि नंतरची मुदत असलेला मागे, हा नियम माल लावतानाच पाळायचा असतो. वेष्टनावर केवळ महिना आणि वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, स्पष्ट लेबल लावून ठेवावा लागतो आणि स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक पुरवठादाराकडे परत पाठवायचा असतो. दर महिन्याला एकेक रॅक घेऊन एक्सपायरी काढण्याचे काम मागून घ्यावे, त्यातून संपूर्ण दुकान नजरेखालून जाते.

तिसरी पायरी : चिठ्ठी वाचणे

चिठ्ठी हातात आली की नजर लगेच औषधांच्या नावांवर जाते. ती मुद्दाम वर न्यावी. औषधे नियम, १९४५ नुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा आणि औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा लिहिलेली असावी. प्रत्यक्षात पत्ता क्वचितच असतो आणि वय अनेकदा राहून जाते. वय दिसत नसेल तर विचारावे. चिठ्ठी घेऊन आलेला माणूस आणि रुग्ण एकच असेल असे गृहीत धरू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी वाडीवरून येणारा एक जण शेजारच्या आजींची, भावजयीची आणि स्वतःच्या मुलाची अशा तीन चिठ्ठ्या घेऊन येतो, तेव्हा ‘काका, यातली तुमची कोणती?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

त्यानंतर मात्रेचे संक्षेप येतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, तर एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आपल्याकडील बरेच डॉक्टर १-०-१ अशा पद्धतीने लिहितात, त्यात क्रम सकाळ, दुपार, रात्र असा असतो. ओडी आणि बीडी ही अक्षरे घाईच्या हस्ताक्षरात एकसारखी दिसतात, म्हणून रोजच्या गोळ्या आणि लिहिलेले दिवस यांचा गुणाकार एकूण गोळ्यांच्या संख्येशी जुळतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाच दिवसांसाठी दहा गोळ्या लिहिल्या असतील तर ती मात्रा दिवसातून दोनदाचीच असणार, आणि हिशेब जुळत नसेल तर तेथे थांबायचे.

थांबल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. चुकीची पद्धत म्हणजे दोन-तीन जणांनी मिळून अक्षरांचा अंदाज बांधणे. योग्य पद्धत अशी की आधी फार्मासिस्टला दाखवावे, त्यांनाही शंका असेल तर चिठ्ठीवरच्या क्रमांकावर दवाखान्यात फोन करावा आणि डॉक्टरांनी सांगितलेले नाव, ताकद व मात्रा आपण परत उच्चारून त्यांच्याकडून खात्री करून घ्यावी. संध्याकाळी दवाखाने सुटल्यावर काउंटरसमोर गर्दी दाटलेली असताना फोन लावणे संकोचाचे वाटते. माझा अनुभव मात्र असा आहे की मोजक्या शब्दांत विचारलेल्या शंकेवर डॉक्टर सहसा चिडत नाहीत, आणि ग्राहकही ‘डॉक्टरांना विचारून देतो’ असे सांगितल्यावर निमूटपणे थांबतात.

बदली औषधाचा प्रश्न रोज येतो. लिहिलेला ब्रँड संपलेला असतो आणि त्याच घटकाचा दुसरा समोर असतो. येथे नियम स्पष्ट आहे. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या नियमांतील याद्या, यांतील औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरे कोणतेही औषध, मग त्यात तोच घटक असला तरीही, परस्पर देता येत नाही. स्वस्त पर्याय हवा असणाऱ्या रुग्णाची अडचण खरी असते आणि तिची हेटाळणी करू नये. त्याला डॉक्टरांकडून तसे लिहून आणण्यास सांगावे किंवा आपण फोन करून विचारावे.

चौथी पायरी : औषध काढणे आणि ताडून पाहणे

रॅककडे जाताना चिठ्ठी सोबत न्यावी. नाव डोक्यात ठेवून गेल्यास हात बहुधा ओळखीच्या पेटीकडेच वळतो. औषध काढताना एकदा, काउंटरवर ठेवताना दुसऱ्यांदा आणि रुग्णाच्या हातात देताना तिसऱ्यांदा चिठ्ठीशी ताडून पाहावे. आमच्या मेडिकलमध्ये आणखी एक चांगली रीत होती. प्रशिक्षणार्थीने काढलेली औषधे टोपलीत चिठ्ठीसह ठेवायची, आणि फार्मासिस्टने ती पाहिल्याशिवाय बिल करायचे नाही.

नावांच्या साधर्म्यातून होणारे घोटाळे किती गंभीर असू शकतात, याचे एक उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ असले पाहिजे. संधिवाताच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगतात आणि त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत फॉलिक अॅसिड देतात. मेथोट्रेक्सेटचे एक प्रचलित ब्रँडनाव फोलिट्रॅक्स आणि फॉलिक अॅसिडचे फॉल्व्हाइट. दोन्ही नावांची सुरुवात सारखी, दोन्ही गोळ्या लहान आणि दोन्ही एकाच चिठ्ठीवर. ही अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात आणि रुग्ण दगावूही शकतो. म्हणून मेथोट्रेक्सेट देताना वार ठरवून पाकिटावर मराठीत लिहून द्यावा, उदाहरणार्थ ‘फक्त रविवारी’, आणि रुग्णाकडून तो एकदा वदवून घ्यावा.

ताकदीच्या फरकाकडेही तितकेच लक्ष हवे. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, ७५, १०० अशा मायक्रोग्रॅममध्ये येतात आणि त्यांच्या बाटल्या एकसारख्या दिसतात. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये तर एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात : थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला साधारण १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने दिली गेली तर बाळाला ठरलेल्या मात्रेच्या चौपट औषध जाते. चिठ्ठीवर केवळ ब्रँडनाव आणि ‘५ मिलि’ एवढेच असेल तर बाळाचे वजन विचारावे. एका वेळची मात्रा दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम असते, त्यामुळे लिहिलेला आकडा या मर्यादेत बसतो की नाही हे क्षणात कळते.

स्ट्रिप कापून द्यायची असेल तर बॅच क्रमांक (एकाच वेळी तयार झालेल्या मालाचा क्रमांक) आणि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत आपल्याकडे राहील अशा रीतीने दुसऱ्या टोकापासून कापावी. सुट्या गोळ्यांची किंमत पूर्ण स्ट्रिपच्या छापील किमतीच्या प्रमाणातच लावायची असते. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख यांचा शिक्का मारणे हे नियमानुसार आवश्यक काम आहे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते आणि ते दिले गेल्याची खूण म्हणजे हा शिक्का.

पाचवी पायरी : शेड्यूल आणि नोंदवह्या

शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके, क्षयरोगावरची औषधे, अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेमसारखी झोपेची व चिंतेवरची औषधे, ट्रामाडॉल आणि कोडीन ही त्यात येतात. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. प्रत्येक विक्रीच्या वेळी डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ही नोंद त्याच वेळी करावी. दिवस संपल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीला काही अर्थ राहत नाही. शेड्यूल एक्समधील औषधांसाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानाने दोन वर्षे ठेवायची असते. लहान गावांत अशी औषधे सहसा ठेवतच नाहीत.

क्षयरोगाची औषधे दिली की त्या रुग्णाची माहिती शासनाच्या क्षयरोग यंत्रणेला कळवणे २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. हे काम कसे केले जाते, ते एकदा तरी पाहून घ्यावे.

सहावी पायरी : समजावून देणे

मला संपूर्ण प्रशिक्षणात सर्वांत मोलाची वाटली ती ही पायरी आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही हिच्याकडेच. पिशवीत औषधे भरून पैसे घेणे म्हणजे औषध देणे नव्हे. रुग्णाला मात्रा, वेळ आणि वापरण्याची रीत कळली, तरच औषध दिले गेले असे म्हणता येईल. त्यासाठी फार वेळ लागत नाही, पण नेमके काय सांगायचे ते माहीत असावे लागते.

इन्सुलिनपासून सुरुवात करावी. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुतांशी दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसांत ते १०० युनिटचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये घेतले तर अडीचपट मात्रा जाते आणि रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. याउलट झाले तर मात्रा निम्म्याहून कमी जाते आणि डॉक्टर गोंधळात पडतात की साखर का उतरत नाही. म्हणून कोणी नुसती सिरिंज मागितली तरी ‘मावशी, इन्सुलिनची बाटली ४० ची आहे की १०० ची?’ असे विचारल्याशिवाय ती देऊ नये. फ्रीज नसलेल्या घरांत वापरात असलेली कुपी मातीच्या मडक्यात, गार जागी ठेवता येते, हेही सांगावे. मात्र बाटली थेट पाण्यात बुडवून ठेवायची नाही आणि फ्रीज असेल तरी बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवायची नाही.

दम्याच्या रुग्णांना मिळणाऱ्या श्वासावाटे घ्यायच्या कॅप्सूल गिळून टाकणारे रुग्ण मला स्वतःला भेटले आहेत. कॅप्सूल म्हणजे गिळायचीच, असा त्यांचा समज असतो आणि तो स्वाभाविक आहे. उपकरणात कॅप्सूल बसवून, उच्छ्वास पूर्ण सोडून, मग जोराने आणि खोल श्वास ओढायचा आणि काही सेकंद रोखून धरायचा, हे रिकाम्या उपकरणावर करून दाखवावे. त्यानंतर रुग्णाला आपल्यासमोर तसेच करायला सांगावे. स्टेरॉइडयुक्त औषध असेल तर नंतर चूळ भरायला सांगण्याचे विसरू नये, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होतो.

प्रतिजैविकाच्या कोरड्या सिरपबाबत आईला बाटली हातात घेऊन दाखवावे. आधी बाटली हलवून भुकटी मोकळी करायची, उकळून गार केलेले पाणी थोडे घालून हलवायचे, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवायचे. फेस खाली बसल्यावर पातळी खुणेखाली गेली तर आणखी थोडे पाणी घालायचे. तयार झालेले औषध लेबलवरच्या मुदतीतच, बहुधा पाच ते सात दिवसांत, वापरायचे आणि उरलेले पुढच्या आजारपणासाठी ठेवायचे नाही. मात्रा घरातल्या चमच्याने न मोजता बाटलीबरोबरच्या मापाने मोजायची.

जुलाबासाठी ओआरएसचे मोठे पाकीट देताना ‘पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात’ हे वाक्य प्रत्येक वेळी उच्चारावे, कारण अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकून देणारी घरे पुष्कळ आहेत. जास्त घट्ट द्रावणाने बाळाचे जुलाब वाढू शकतात. मोठे पाकीट आणि एका पेल्यासाठीचे लहान पाकीट अशी दोन्ही मापे दुकानात असतील तर पाण्याचे प्रमाण पाकिटावरून वाचून सांगावे. गोड चवीची तयार पेये ही ओआरएस नव्हेत. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

बोलताना भाषा रुग्णाची असावी. ‘उपाशीपोटी’, ‘जेवल्यावर’, ‘झोपताना’ हे शब्द पुरेसे असतात. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देण्याची पद्धत आमच्या फार्मासिस्टांनी मला शिकवली आणि तिचा उपयोग मी रोज होताना पाहिला. गुप्तरोगाचे, मासिक पाळीचे किंवा मानसिक आजाराचे औषध असेल तर आवाज खाली आणावा, काउंटरच्या कडेला बोलवून सांगावे. शेवटी ‘कळले का?’ असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘आजी, ही गोळी कधी घेणार ते मला सांगा बरं’ असे म्हणावे, म्हणजे खरोखर काय कळले ते समजते.

सातवी पायरी : नकार देणे

चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी, खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या किंवा गर्भपाताचे किट मागणारे ग्राहक येणारच. येथे प्रशिक्षणार्थीने स्वतः वाद घालू नये, फार्मासिस्टकडे बोट दाखवावे आणि ते नकार कसा देतात हे नीट ऐकावे. नकार देताना कारण सांगितले आणि पुढचा मार्ग दाखवला तर माणूस दुखावला जात नाही. ‘दादा, तीन दिवसांचा ताप आहे तर तपासून घ्या, सरकारी दवाखाना दुपारी उघडा असतो’ हे उत्तर ‘मिळणार नाही’ यापेक्षा कितीतरी चांगले आहे. गर्भपाताच्या औषधांबाबत तर कोणतीही सवलत नसावी, कारण डॉक्टरांच्या देखरेखीविना ती घेतल्यास अतिरक्तस्रावाने जीव जाऊ शकतो.

लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांबाबत आता विशेष कडक राहिले पाहिजे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ हे डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेले खोकल्याचे सिरप घेतलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा एसआर-१३ या बॅचचा वापर तत्काळ थांबवण्याचा इशारा दिला होता. हा इशारा प्रत्येक मेडिकलपर्यंत पोहोचला, तेव्हा ज्यांच्याकडे खरेदीची बिले आणि बॅचच्या नोंदी व्यवस्थित होत्या त्यांनाच आपल्याकडे तो माल आला होता का आणि कोणाला विकला, याचे उत्तर देता येणार होते.

आठवी पायरी : माल उतरवून घेणे

म्हणूनच स्टॉकिस्टचा माणूस खोके ठेवून गेल्यावर ते तपासण्याचे काम रटाळ समजू नये. बिलावरचे नाव, ताकद, संख्या, बॅच क्रमांक, मुदत आणि छापील किंमत हे सगळे प्रत्यक्ष मालाशी जुळवून पाहावे. फुटलेल्या बाटल्या आणि जवळची मुदत असलेला माल त्याच वेळी बाजूला काढावा. ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलने वाचून खरेपणा कसा पडताळायचा, हे एकदा करून पाहावे. बिलाविना, स्वस्तात मिळतो म्हणून घेतलेला माल कोणत्याही दुकानात येत असेल तर त्यापासून दूर राहावे.

थंड ठेवण्याची औषधे खोक्यातून सर्वांत आधी काढून फ्रीजमध्ये न्यावीत. इन्सुलिन, लसी, काही डोळ्यांचे थेंब यांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. फ्रीजमधले तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहिण्याचे काम प्रशिक्षणार्थीने स्वतःकडे घ्यावे. वीज गेल्यावर फ्रीज वारंवार उघडायचा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बराच माल वाचतो.

नववी पायरी : रोजनिशी आणि पुढची कागदपत्रे

रोज किती तास काम केले, त्यांतले किती तास चिठ्ठीवरची औषधे देण्यात गेले, कोणती नवीन औषधे पाहिली आणि कोणती शंका आली, हे चार ओळींत लिहून त्यावर फार्मासिस्टची सही घ्यावी. रुग्णाचे नाव या रोजनिशीत कधीही लिहू नये. विनियमांत प्रशिक्षणाचे जे विषय सांगितले आहेत, म्हणजे कायद्याने लागणाऱ्या नोंदी, चिठ्ठी वाचणे व मात्रा तपासणे, औषधे देणे आणि त्यांची साठवण, ते सगळे वहीत आले आहेत की नाही हे महिन्याअखेर पाहावे. जे राहिले असेल ते फार्मासिस्टकडून मागून घ्यावे, कारण दुकानाच्या धावपळीत ते आपणहून आठवण ठेवतील अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. एखाद्या रुग्णाने औषधानंतर अंगावर पुरळ उठल्याची किंवा चक्कर आल्याची तक्रार केली तर तिची माहिती राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. असा एखादा अहवाल फार्मासिस्टसोबत भरून पाहिल्यास त्याची प्रक्रिया कायमची लक्षात राहते.

तास पूर्ण झाल्यावर प्रशिक्षणाच्या करारनाम्यातील उर्वरित भाग फार्मासिस्टकडून आणि नंतर प्राचार्यांकडून भरून घ्यावेत. दुकानाचा परवाना क्रमांक आणि फार्मासिस्टचा नोंदणी क्रमांक त्यात बिनचूक असल्याची खात्री करावी, कारण येथली एक चूकही अर्ज परत येण्यास पुरेशी असते. डी. फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे, म्हणजे पदविकेनंतर नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेचे विनियम २०२२ मध्ये अधिसूचित झाले असून त्या परीक्षेत तीन पेपर असतात. आपल्या प्रवेशवर्षाला ती लागू आहे का, हे महाविद्यालयाकडे आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे आधीच विचारून घ्यावे. नोंदणीचा अर्ज याच परिषदेकडे करायचा असतो, आणि तो मंजूर होईपर्यंत प्रशिक्षण संपलेल्या विद्यार्थ्यानेही काउंटरवर फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच काम करायचे असते.